चिखलकाला, बर्फ आणि वर्षाची वर्गणी

आषाढी एकादशी तोंडावर आली होती. गोव्यातल्या माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात पावसाने चिखलाची तयारी करून ठेवली होती आणि आमच्या घराच्या भिंतींना आतून ओल धरू लागली होती. अशा एका संध्याकाळी माझी भाची पणजीहून कचेरी सुटल्यावर परस्पर आमच्याकडे आली, निथळती छत्री सोप्यावर उघडी ठेवली आणि चहाची वाटही न पाहता मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाली, "मावशी, आज रात्री बारा वाजेपर्यंतच ही किंमत आहे. घेऊ का?" छायाचित्रण शिकवणाऱ्या एका परदेशी संस्थेचे ते वर्षभराचे ऑनलाइन सदस्यत्व होते. मूळ किंमत काट मारून दाखवलेली, तिच्याखाली निम्म्याहून कमी आकडा, आणि त्याच्याही खाली तास, मिनिटे, सेकंद उलटे मोजणारे घड्याळ. मी म्हटले, "एवढ्या घाईत नको. मला थोडा विचार करू दे." ती काही बोलली नाही, पण चहा पिताना म्हणाली, "पैसे भरले की मी नेमाने शिकेन गं. फुकटातलं बघत बसले तर हे असंच चालत राहणार."

किमतीचा विषय त्या रात्रीपुरता मिटला, पण हे वाक्य काही केल्या मनातून जाईना.

ते खोटे नव्हते म्हणूनच ते टोचत होते. तिने स्वतःच्या पगारातून साठवून एक वापरलेला कॅमेरा घेतला आहे, सोबत पन्नास मिलिमीटरची एक साधी लेन्स आहे, आणि रविवारी ती कधी दिवाडीच्या फेरीवर, कधी म्हापशाच्या बाजारात, कधी नुसतीच मळ्यातल्या बांधावर भटकत असते. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ (लेन्सचे उघडणे, प्रकाश आत घेण्याचा वेळ आणि प्रकाशाची संवेदनशीलता) या तिन्हींचे नाते तिला तोंडपाठ आहे. विचारले तर ती माझ्यापेक्षा चांगले समजावून सांगेल. तरीही गेल्या पावसातले फोटो आणि या पावसातले फोटो शेजारी ठेवले तर त्यांत फारसा फरक दिसत नाही, हे तिलाच आधी कळले आहे. माहिती वाढत जाते आणि हात मात्र तिथेच राहतो, ही हाताने काही शिकणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येणारी अवस्था आहे आणि ती फार एकटेपणाची असते. अशा वेळी कोणी बारा महिन्यांचा आखलेला रस्ता समोर ठेवला तर माणसाचा जीव त्याकडे ओढ घेणारच. तिला 'नको' म्हणणे सोपे होते. पण त्या नकाराच्या जागी मी तिला दुसरे काय देणार, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

मी स्वतः कॅमेरा शिकले ते ऐंशीच्या दशकात, फोंड्यातल्या एका स्टुडिओच्या मागच्या खोलीत. पुढे पासपोर्ट साइझचे आणि लग्नाचे फोटो, मागे लाल दिव्याची डार्करूम. फोटो पक्का करणाऱ्या हायपो द्रावणाचा आंबूस वास कपड्यांना घरापर्यंत चिकटून यायचा. ऊटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' कागद असायचा आणि त्याचा एक तुकडाही वाया गेलेला स्टुडिओच्या मास्तरांना खपायचा नाही. म्हणून पूर्ण प्रिंट काढण्याआधी टेस्ट स्ट्रिप. कागदाची बोटभर रुंद पट्टी निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली ठेवायची, वर पुठ्ठा धरायचा आणि दर दोन सेकंदांनी तो थोडा थोडा सरकवायचा. मग ती पट्टी चित्र उमटवणाऱ्या डेव्हलपर द्रावणात सोडली की पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या पायऱ्या एकेक करून वर येत. मास्तर विचारायचे, "कुठली?" मी बोट ठेवायची. ते म्हणायचे, "परत बघ." कितीतरी आठवडे मला एवढेच ऐकू आले. मी निवडलेल्या पायरीच्या अलीकडची, जराशी फिकट पायरी ते नेहमी धरत, आणि प्रिंट दुसऱ्या दिवशी वाळून हातात आली की त्यांचेच बरोबर निघत असे.

त्याचे कारण मला पुढे बऱ्याच वर्षांनी कळले. ओली प्रिंट वाळताना थोडी गडद होते. ट्रेमध्ये अगदी नेमकी वाटणारी छटा सुकल्यावर मळकट दिसते, म्हणून एक पायरी आधीच थांबायचे. मास्तरांना हे कोणी समजावून सांगितले नव्हते आणि त्यांनीही मला सांगितले नाही. त्यांच्याबद्दल माझ्या मनात अपार कृतज्ञता आहे, पण त्या पद्धतीची आरती ओवाळायला मी तयार नाही. जे एका वाक्यात सांगता आले असते ते वर्षानुवर्षे मुठीत राहिले. शिवाय ती मूठ सर्वांसाठी उघडत नव्हती. मास्तर माझ्या वडिलांचे स्नेही होते म्हणून मला त्या मागच्या खोलीत प्रवेश मिळाला. माझ्या वर्गातल्या आणखी दोघींना फोटो काढण्याची हौस होती, त्यांना घरून कोणी अंधाऱ्या खोलीत शिकायला पाठवणे शक्यच नव्हते. आज माझी भाची रात्री जेवण झाल्यावर, स्वतःच्या खोलीत, कोणाची परवानगी न घेता जगातल्या उत्तम शिक्षकांपुढे बसू शकते, समजले नाही तर तोच धडा पुन्हा पाहू शकते आणि कोणी तिला 'एवढंही कळत नाही?' असे विचारत नाही. याचे मोल मला पैशात सांगता येणार नाही.

म्हणून ठरवले की न पाहता मत द्यायचे नाही. त्या संस्थेत काही दिवस फुकट पाहण्याची सोय होती. आम्ही दोघी रात्री जेवणानंतर बसून धडे पाहू लागलो.

एक गोष्ट लगेच लक्षात आली: रात्री बाराला संपणारी ती किंमत दुसऱ्या दिवशी सकाळीही तशीच होती आणि घड्याळ पुन्हा नव्याने उलटे चालू झाले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन विक्रीतल्या अशा फसव्या क्लृप्त्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत तेरा प्रकार नोंदवले आहेत आणि खोटी घाई लावणे व सदस्यत्वाच्या सापळ्यात अडकवणे हे दोन्ही त्यांत आहेत. भाचीला हे दाखवल्यावर ती थोडी हिरमुसली. मला मात्र वाटले की विकण्याची रीत वाईट असली म्हणून शिकवणे वाईट असेलच असे नाही, आणि ते दोन वेगळे तपासले पाहिजेत.

शिकवणे खरोखर चांगले होते. एक्सपोजर कॉम्पेन्सेशनवरचा, म्हणजे मीटरने ठरवलेला प्रकाश आपण कमी-जास्त करण्यावरचा, एक धडा तर मला फार आवडला. शिक्षक बर्फाने भरलेल्या माळावर उभा होता. कॅमेऱ्याचा मीटर समोर जे असेल ते सरासरी करड्या रंगाचे आहे असे धरून चालतो, सुमारे अठरा टक्के प्रकाश परत फेकणाऱ्या करड्या रंगाचे. त्यामुळे पांढरेशुभ्र बर्फ त्याच्यापुढे आले की तो प्रकाश कमी करतो आणि फोटोत बर्फ राखाडी उतरते. मग शिक्षकाने कॅमेऱ्यावरची त्यासाठीची चकती एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतकी, अधिककडे फिरवली आणि बर्फ पांढरे झाले. मास्तरांच्या खोलीत जे मला कोणी सांगितले नव्हते, ते इथे पाच मिनिटांत, स्वच्छ, डोळ्यांसमोर. पण धडा संपल्यावर भाची म्हणाली, "हे सगळं ठीक आहे, पण आपल्याकडे बर्फ कुठलं?" तिचा प्रश्न मी तसाच ठेवला. मला तिच्याकडूनच उत्तर हवे होते.

जसजसे धडे पाहत गेलो तसतसे हे परकेपण ठिकठिकाणी जाणवू लागले. एका धड्यात संध्याकाळचा सोनेरी प्रकाश कसा वापरावा हे सांगितले होते आणि शिक्षक त्या प्रकाशात निवांत जागा बदलत, लेन्स बदलत, बोलत उभा होता. तो उत्तरेकडच्या देशातला उन्हाळा होता. तिथे सूर्य क्षितिजाला तिरका टेकत, रेंगाळत मावळतो. गोवा विषुववृत्तापासून फक्त पंधरा-साडेपंधरा अंशांवर आहे. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, आणि मावळल्यानंतरचा कामाचा उजेडही वीस-पंचवीस मिनिटांत आटपतो. मिरामारच्या वाळूत उभे राहून जागा शोधू लागलात तर जागा सापडेपर्यंत प्रकाश गेलेला असतो. इथे जागा आधी ठरलेली असावी लागते. तसेच दुपारचे. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टमध्ये भर दुपारी सूर्य आपल्या थेट डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते; माणसाच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकावर पांढरा डाग, असा तो प्रकाश. त्यावरचा धडा त्या संग्रहात मला सापडला नाही. पावसात मात्र आपल्याकडे जो मऊ, सर्व बाजूंनी येणारा उजेड असतो, ज्यात चिऱ्याच्या भिंतीचा तांबडा आणि त्यावरच्या शेवाळाचा हिरवा रंग एकमेकांना न मारता उभे राहतात, तो जगातल्या कोणत्याही स्टुडिओत विकत मिळणार नाही. ओल्या पानांवरची चमक पोलरायझर फिल्टरने कमी केली की तो हिरवा आणखी खोल होतो. त्याच पावसाळी दिवसांत लेन्सला बुरशी येते, हेही त्या धड्यांत कुठे नव्हते. जून ते सप्टेंबर कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवायचा, आर्द्रता चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आसपास राखायची, हे गोव्यातल्या छायाचित्रकाराला पहिल्या दिवशी शिकवले पाहिजे.

हे वाचून असे वाटेल की मी त्या सदस्यत्वाच्या विरोधात निकाल देत होते. तसे नव्हते. परक्या प्रकाशात शिकवलेले तत्त्व आपल्या प्रकाशात आणून लावता येते की नाही, हा शिकणाऱ्याचा प्रश्न आहे, आणि तो सुटला तर त्या धड्याचे पैसे वसूल झाले असे मी समजेन.

मग राहिला फुकट आणि विकत यांतला फरक. छायाचित्रणाची माहिती कधीच महाग नव्हती. फिल्मच्या खोक्यातल्या कागदावर सूर्य, ढग आणि सावलीची चित्रे काढून कोणत्या उजेडात किती अ‍ॅपर्चर ठेवायचे ते छापलेले असायचे. कडक उन्हात अ‍ॅपर्चर एफ सोळा आणि शटर फिल्मच्या वेगाइतका (शंभरच्या फिल्मला सेकंदाचा शंभरावा भाग), एवढ्यावर कितीतरी लोकांनी आयुष्यभर चांगले फोटो काढले. आज कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत आणि यूट्यूबवर त्याच्या शंभरपट आहे, हिंदीत आहे, मराठीतही आहे. तेव्हा पैसे माहितीचे द्यायचेच नाहीत. पैसे द्यायचे ते दोन गोष्टींचे: धड्यांच्या क्रमाचे, म्हणजे आज काय शिकायचे हे रोज स्वतः ठरवण्याचा शीण वाचवण्याचे, आणि आपला फोटो कोणीतरी जाणत्या माणसाने पाहण्याचे. आपल्या फोंडा तालुक्याने केवढे गायक दिले. त्यांतल्या कोणालाही विचारले असते तर त्यांनी सांगितले असते की तालीम म्हणजे समोर बसलेल्या गुरूचा कान. फोटोच्या बाबतीतही शिकणाऱ्यासमोर कोणाचा तरी डोळा असावा लागतो.

त्या संस्थेत महिन्यातून दोनदा सदस्यांचे फोटो पाहून त्यांवर बोलण्याची सोय होती आणि जुन्या बैठकांची चित्रफीत पाहायला मिळत होती. मी सर्वांत जास्त वेळ तिथे घालवला. पहिल्या बैठकीने माझी निराशा केली. एका बाईने काढलेला तिच्या आईचा फोटो आला, खिडकीशी बसलेली म्हातारी, हातात विणकाम. शिक्षक म्हणाला, छान आहे, डावीकडून थोडा कापा, आणि पुढच्या फोटोकडे गेला. हे ऐकण्यासाठी कोणी वर्षाची वर्गणी का भरावी? दुसऱ्या बैठकीला शिक्षिका वेगळी होती. एका तरुणाने धक्क्यावरच्या कोळ्यांचे फोटो पाठवले होते. तिने सर्वांत चांगला दिसणारा फोटो बाजूला ठेवला आणि साधा दिसणारा घेतला. मग त्याला विचारले की तू इथे का उभा राहिलास. तो म्हणाला, जाळी दिसावीत म्हणून. ती म्हणाली, पण तुझे लक्ष तर त्या मुलाच्या पायांकडे आहे, मग खाली का बसला नाहीस? तो मुलगा बराच वेळ गप्प होता. मी मोबाइल ठेवला आणि मला मास्तरांचे 'परत बघ' आठवले. फरक एवढाच की हिने का पाहायचे तेही सांगितले. एका शिक्षकाच्या बैठकीला फुटकी कवडी देऊ नये आणि दुसरीच्या बैठकीसाठी पदरमोड करावी, असे दोन्ही एकाच सदस्यत्वात होते, आणि कोणाची पाळी कधी येणार हे आधी कळण्याची सोय नव्हती.

पैशांचा हिशेबही कागदावर मांडला, कारण दाखवलेला आकडा आणि खात्यातून जाणारा आकडा सारखे नसतात. परदेशी संस्थेला कार्डाने पैसे देताना बँक चलनबदलाचा आकार लावते, तो बहुतेक कार्डांवर दोन ते साडेतीन टक्क्यांच्या घरात जातो. परदेशातून घेतलेल्या अशा ऑनलाइन सेवेवर अठरा टक्के जीएसटी असतो. आणि वर्ष संपल्यावर वर्गणी आपोआप पुन्हा भरली जाते, बारीक अक्षरात लिहिल्याप्रमाणे सवलतीच्या नव्हे तर मूळ किमतीने. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२१ पासून अशी आपोआप होणारी वजावट होण्याच्या किमान चोवीस तास आधी ग्राहकाला कळवावे लागते, पण पंधरा हजार रुपयांपर्यंतच्या वजावटीला दर वेळी ओटीपी लागत नाही. कामाच्या गडबडीत तो एक संदेश नजरेआड झाला की पुढचे वर्षही विकत घेतलेले असते. हा सगळा हिशेब भाचीने स्वतः केला. महिन्याची वर्गणी घेतली तर ती दरमहा महाग पडत होती, पण थांबण्याची मोकळीक देत होती.

एवढ्यात द्वादशी आली आणि देवळासमोरच्या मैदानात चिखलात खेळण्याचा उत्सव, चिखलकाला, आला.

मी मैदानाच्या कडेला उभी होते. अंगाला तेल चोळलेले पुरुष आणि पोरे, विठ्ठलाचा गजर, वरून संततधार. भाची प्लॅस्टिकच्या पिशवीत कॅमेरा गुंडाळून, लेन्सपुरते भोक ठेवून आत घुसली. थोड्या वेळाने ती कडेला आली आणि पिशवीतून पडदा मला दाखवला. फोटोत चिखल फिका, खाकी दिसत होता. माखलेल्या अंगांवरचा तो ओला, काळपट तजेला नाहीसा झाला होता आणि आकाशाचा तुकडा जिथे होता तिथे पांढरा डाग पडला होता. ती हिस्टोग्रामकडे, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराच्या आलेखाकडे, पाहत काही क्षण थांबली, मग अंगठ्याने चकती उणे एकवर नेली आणि तीच चौकट पुन्हा घेतली. चिखल चिखलासारखा झाला. "बर्फाचं उलटं," ती म्हणाली, आणि मी काही बोलण्याआधी परत आत गेली. एवढ्या गर्दीत, पावसात, भिजल्या हाताने तिने तो धडा उलटा करून आपल्या मातीत लावला होता. माझ्या मनातल्या शंकांपैकी निम्म्या तिथेच गळून पडल्या.

दुसऱ्या निम्म्या रात्री फोटो पाहताना उरल्या. सगळे नीट उजळलेले होते, सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या शटरने उडालेले थेंबही थिजवले होते, पण बहुतेक सगळे एकाच उंचीवरून आणि सारख्याच अंतरावरून काढलेले होते. कोणाच्याही चेहऱ्याजवळ ती गेली नव्हती. मी तिला ते सांगू शकत होते आणि सांगितलेही. परंतु मी तिची मावशी आहे. माझे शब्द तिच्याकडे प्रेमाच्या वेष्टनात पोहोचतात, ती ते हसून घेते आणि कधीकधी वेष्टन तसेच ठेवून देते. तिला तिचे नाव-गाव माहीत नसलेल्या, चिखलकाला म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाने फक्त चौकटीत जे आहे त्यावर बोललेले ऐकायला हवे आहे. गोव्यात अशी माणसे नाहीत असे मुळीच नाही. प्रदर्शने भरतात, अनुभवी छायाचित्रकार इथे राहतात आणि विचारले तर वेळही देतात. पण आठवडाभर पणजीची बस धरणाऱ्या मुलीला दर पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वेळी, हमखास मिळेल असा डोळा मला माशेलच्या आसपास दाखवता आला नाही, आणि तो दाखवता येत नसताना विकतच्या डोळ्याला नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही.

मी तिला जे सांगितले ते असे. वर्षाची वर्गणी भरू नकोस, ती कितीही स्वस्त दिसली तरी. एक महिना घे. भरल्याच्या दिवशीच आपोआप वजावटीची परवानगी बंद करून टाक. बंद केली तरी महिना संपेपर्यंत धडे चालू राहतात, हे आम्ही त्यांच्या अटींत वाचून घेतले आहे. त्या महिन्यात संग्रहातले सगळे पाहून संपवण्याच्या मागे लागू नकोस. एकच विषय धर, माणसे जवळून, आणि बैठकीत फोटो पाठवायला चुकू नकोस, कारण पैसे त्याचेच आहेत. पैसे भरल्याने नेम येतो हे तिचे म्हणणे मी खोडून काढले नाही. दर पंधरा दिवसांनी कोणीतरी तुझ्या नव्या फोटोची वाट पाहत आहे, यामुळे येणाऱ्या नेमावर माझा अधिक विश्वास आहे, इतकेच म्हटले.

तिने महिन्याची वर्गणी भरली. पहिल्या बैठकीसाठी चिखलकाल्यातले तीन फोटो निवडताना आमचे थोडे वाजले. मला हवा होता तो तिने काढून टाकला आणि एक असा ठेवला ज्यात पोराचे डोके अर्धे कापले गेले आहे. ती म्हणते, त्यातच काहीतरी आहे, पण काय ते मला सांगता येत नाही, तेच विचारायचे आहे. बैठक पुढच्या शुक्रवारी आहे आणि त्या दिवशी शिकवायला कोण असेल ते जाहीर झालेले नाही. तिथून काय उत्तर येते ते पाहून ती दुसऱ्या महिन्याचे ठरवणार आहे.